पाटीवर न मावलेलं अप्पर

सोलशेठच्या पायाला भिंगरी होती आणि नशिबानं धंदा दिला होता तो बसून करायचा. दात आहेत तर चणे नाहीत, तशातली गत. बुटाच्या तळाला दोन चुका ठोकल्या, की हा उठला. चुका म्हणजे ते बारीक खिळे, जे बूटवाले ओठांत धरून ठेवतात आणि एकेक काढून ठोकतात. तर ओठांत चुका तशाच धरून हा दारात जायचा, रस्ता वरपासून खालपर्यंत बघायचा, काहीही घडत नाहीये याची खात्री करून घ्यायचा आणि परत येऊन बसायचा. पुन्हा दोन चुका, पुन्हा दार. समोरचा न्हावी म्हणायचा, "शेठ, तुम्ही एक जोड बनवता तेवढ्यात गिऱ्हाईक अनवाणी गावाला जाऊन येतं."

दुकान म्हणजे एक लांबोडकी खोली. दाराकडची बाजू याची, खिडकीकडची बायकोची. खिडकीखाली तिचं पायानं चालवायचं शिलाई मशीन. ती सकाळी मशीनवर बसली की बसली. दुपारी उठायची ती पाठीवर हात ठेवूनच. बुटाचा वरचा, दिसणारा भाग म्हणजे अप्पर. तो ती शिवायची. खालचा, झिजणारा भाग म्हणजे सोल. तो हा चिकटवायचा आणि ठोकायचा. लोक बूट पसंत करताना अप्पर बघतात आणि तक्रार घेऊन येतात ती सोलची, हे जगाचं जुनं दुखणं आहे. दुखऱ्या पायाचे, वाकड्या अंगठ्यांचे, एक पाऊल मोठं एक लहान असलेले लोक लांबून यायचे ते तिच्या शिलाईसाठी, हे सगळ्या रस्त्याला माहीत होतं. सोलशेठलाही माहीत होतं. तो ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा, मोठ्यानं. फक्त तिला कधी सांगितलं नव्हतं.

आता हे सोलशेठ नाव कसं पडलं ते ऐका, कारण सगळं रामायण तिथूनच सुरू झालं.

लग्न नवं होतं, दुकानही नवं. दुकानाची नोंदणी करायला हा एकटाच कचेरीत गेला. जाताना एका बुटाच्या तळाला सोल्युशन लावून वाळत ठेवलं होतं आणि सगळा जीव त्यात अडकला होता. ते फार वाळलं तर चिकटत नाही. रांग हलेना. याचे पाय थांबेनात. एकदा पुढच्याच्या टाचेवर, एकदा मागच्याच्या चवड्यावर, असं करत करत तो खिडकीशी पोचला. आतल्या कारकुनानं मान वर न करता विचारलं, "सोल प्रोप्रायटर का पार्टनरशिप?"

सोलशेठ थक्क झाला. कचेरीतल्या माणसाला न सांगता कळावं, की हा सोलवाला आहे! बहुतेक हाताला येणाऱ्या वासावरून ओळखलं असेल, असं त्याला वाटलं. प्रोप्रायटर म्हणजे मालक एवढं त्याला दुकानांच्या पाट्या वाचून ठाऊक होतं. म्हणजे सोल प्रोप्रायटर हा सोलवाल्या मालकांचा खास रकाना. पार्टनरशिप का काय ते शिंप्यांसाठी वगैरे असेल.

"सोल मीच करतो साहेब," तो म्हणाला. "अप्पर घरची करते."

"घरचं घरी ठेवा," कारकून म्हणाला. "इथं सही."

सही करून तो पळतच घरी आला. "अगं, कचेरीत आपल्या धंद्याचा वेगळा रकाना आहे! सोल प्रोप्रायटर!"

तिनं मशीन थांबवलं. "मग अप्परचा?"

"असेल की. दुसऱ्या खिडकीत असेल."

"विचारलं नाहीत?"

"सोल्युशन वाळत होतं गं."

त्याच आठवड्यात पाटी आली. त्यानं पेंटरला बजावून सांगितलं होतं, वर दुकानाचं नाव, खाली 'सोल प्रोप्रायटर' म्हणून आपलं, त्याच्याखाली 'अप्पर प्रोप्रायटर' म्हणून हिचं. पेंटर पोट धरून हसला. म्हणाला, "शेठ, अप्पर प्रोप्रायटर असं काही नसतं. लोक दात काढतील." का नसतं, ते त्यानं सांगितलं नाही, आणि यानं विचारलं नाही. विचारायचं म्हणजे थांबायचं, आणि थांबणं याच्या पत्रिकेतच नव्हतं. "बरं, राहू दे," असं म्हणून तो मोकळा झाला.

पाटी दारावर चढली तेव्हा ती खाली उभी राहून बराच वेळ बघत होती. "माझं अप्पर कुठं गेलं?"

"पाटी लहान पडली," तो म्हणाला. "पुढच्या पाटीवर घेऊ."

आणि पत्र्याच्या पाट्या काही लवकर मरत नाहीत. मुलगा झाला, मोठा झाला, बापाची भिंगरी घेऊन ट्रकवर ड्रायव्हर झाला, त्याचं लग्न झालं, तरी पाटी होतीच. सोल प्रोप्रायटरचा सोलशेठ झाला. ज्यांना इंग्रजी येत होतं त्यांना वाटलं ही त्यानं मुद्दाम केलेली गंमत आहे. ज्यांना येत नव्हतं त्यांना वाटलं हा मान आहे. दोघांच्या मधे खरं काय ते त्याला कोणीच सांगितलं नाही. बायको मात्र कधीमधी चिमटा काढायची. तो ओठांत खिळे धरून बोलायला गेला की म्हणायची, "आधी तोंडातल्या चुका काढा, मग बोला. तुमच्या तोंडात नेहमी चुकाच." मग दोघं हसायची. बरे दिवस होते ते.

शेवटी पाटीला गंज चढला आणि एक कोपरा गळून न्हाव्याकडे निघालेल्या गिऱ्हाइकाच्या पुढ्यात पडला. त्याच सुमाराला घरात सून आली होती. ती एका कर सल्लागाराच्या ऑफिसात कामाला जायची. मुलगी चुणचुणीत, हसरी, आणि सासऱ्यावर तिचा जीव. संध्याकाळी जेवायला बसल्यावर तिनं मोबाईल काढला. "बाबा, नवीन पाटीचं बघते मी. काय लिहायचं सांगा."

सोलशेठ सरसावून बसला. हा दिवस उजाडायची तो वाट बघत होता, असं निदान त्याला त्या क्षणी वाटलं. "वर दुकानाचं नाव. खाली सोल प्रोप्रायटर, मी. आणि त्याच्याखाली अप्पर प्रोप्रायटर, तुझ्या सासूबाई. हो की नाही गं? म्हटलं होतं ना पुढच्या पाटीवर घेऊ?"

बायकोनं मान खाली घातली, पण ती खूश झालेली दिसत होती.

सुनेला मात्र ठसका लागला. हसता हसता डोळ्यांत पाणी आलं. "अहो बाबा, तो सोल हा नाही! स्पेलिंग तेच, पण तो बुटाचा सोल नाही. सोल म्हणजे एकटा. सोल प्रोप्रायटर म्हणजे एकटा मालक. ज्याच्या धंद्यात दुसऱ्या कोणाचा काही..."

तिथपर्यंत आली आणि तिनं सासूकडे पाहिलं. वाक्य तसंच राहिलं.

"पुरं कर," सासू म्हणाली. "दुसऱ्या कोणाचा काही?"

"काही वाटा नसतो, असा."

"म्हणजे कागदावर मी कोण?"

सून ताटाकडे बघत राहिली. खोटं बोलायची सवय नव्हती पोरीला. "कागदावर तुम्ही नाही, आई."

बायको नवऱ्याकडे वळली. आवाज चढला नव्हता, हेच वाईट होतं. "आणि ती पाटी लहान पडली होती ना? किती लहान होती हो?"

"चूक झाली," सोलशेठ म्हणाला. या वेळी कोणी हसलं नाही. ती उठली, तिनं भांडी उचलली आणि विषय संपवला. म्हणजे त्याला वाटलं, संपवला.

दुसऱ्या दिवशी ती नेहमीसारखी मशीनवर बसली. हातातला जोड पुरा केला, अप्पर याच्यापुढे आणून ठेवलं आणि म्हणाली, "ती पर्सच्या कारखान्यातली बाई परत आली तर मला हाक मारा."

गावाबाहेर पर्स बनवायचा एक कारखाना होता. तिथली बाई वर्षातून एकदा तरी दुकानात डोकवायची. मुलींना शिलाई शिकवायला तिला ही हवी होती. दर वेळी बायकोचं उत्तर एकच, "आमचं दुकान आहे ना." आता त्या 'आमचं'मधला दाणा गळून गेला होता आणि नुसतं टरफल राहिलं होतं. ती उठून गेली तर खिडकीकडची बाजू रिकामी होणार. मग दुकानात कोण येईल? पण खरं सांगायचं तर गिऱ्हाइकांची चिंता त्याला दुय्यम होती. मशीनचा आवाज नसलेल्या खोलीत आपण बसलोय, हे चित्र त्याला बघवेना. आयुष्यभर तो दारात जाऊन उभा राहू शकला, कारण पाठीमागे तो आवाज चालू असायचा.

मग जे सुरू झालं त्याला अस्वस्थपणा म्हणणं म्हणजे पुराला ओल म्हणणं. पूर्वी नुसते पाय पळायचे, आता आतलं सगळंच पळायला लागलं. सोल उलटा चिकटवला. डाव्या पायाच्या बुटाला उजवी टाच ठोकली. हातोडी अंगठ्यावर बसली, आणि ओरडायलाही तोंड उघडता येईना, कारण तोंडात चुका. रस्त्यानं खांद्याला पर्स लावून एखादी बाई येताना दिसली की हा दारात आडवा. त्या बाया बिचाऱ्या घाबरून पलीकडच्या बाजूनं जायला लागल्या. न्हावी म्हणाला, "शेठ, उधारी बुडवलीय का कोणाची?" सोलशेठ आत जाऊन हातोडी शोधायला लागला, ती हातातच होती.

बायको कामापुरतं बोलत होती. अप्पर झालं. टाच लहान घ्या. जेवायला चला. भांडली असती तर त्याला बरं वाटलं असतं, भांडणात निदान दोन माणसं लागतात.

शेवटी तो एका दुपारी हातोडी टाकून उठला तो थेट सुनेच्या ऑफिसात. सून तिच्या टेबलाशी होती. तिनं त्याला सरांच्या खोलीत नेलं आणि स्वतःही दाराशी थांबली. सर मोठे शांत गृहस्थ. सोलशेठ खुर्चीच्या कडेवर टेकला आणि म्हणाला, "सर, मला ते एकट्याचं नको. दुसरं काय काय आहे तुमच्याकडे, दाखवा."

जसं काही सर कपाटातून जोड काढून मांडणार होते. पण सरांनी खरंच एकेक मांडलं. "आता एका व्यक्तीची कंपनीही निघते. वन पर्सन कंपनी."

"एकाच माणसाची? मग ती कंपनी कसली? कंपनी म्हणजे सोबत. आमच्यात म्हणतात, जरा कंपनी द्यायला चला. एकट्यानं स्वतःला कंपनी कशी द्यायची?"

सरांनी चष्मा काढून पुसला. "प्रायव्हेट लिमिटेड?"

"लिमिटेड नको. तिच्या हाताला लिमिट नाही."

"तसा अर्थ नाही हो त्याचा. बरं, घरच्यांना भागीदार करा. रोजचं काम बघायचं नसेल तर स्लीपिंग पार्टनर म्हणूनही..."

"झोपते कुठं ती!" सोलशेठ एकदम उठूनच उभा राहिला. "सगळ्यांत आधी उठते. झोपायचं म्हणाल तर मी झोपतो. मला करा स्लीपिंग."

दाराशी सून ओढणीत तोंड खुपसून उभी होती. सर म्हणाले, "साधी पार्टनरशिप करू. निम्मी तुमची, निम्मी त्यांची. दोघांनी या, सह्या करा, मग कचेरीत नोंद बदलू. पण त्यांची तयारी आहे ना?"

हे काय विचारणं झालं, असं वाटून सोलशेठ वाऱ्यासारखा घरी आला. बायको मशीनवर होती. "चल, ऊठ, सरांकडे जायचंय. पार्टनरशिप. निम्मं निम्मं!"

"कशाचं निम्मं?"

"दुकानाचं. मी तुला देतोय."

तिनं दोरा दातानं तोडला. "जे माझं होतंच ते तुम्ही मला कसं देणार?"

ती पुढे म्हणाली, "पहिल्यांदा सही केलीत तेव्हा मला विचारलं नाहीत. आता सही करायची ठरवून आलात आणि म्हणताय, चल. यात विचारलंत कुठं?"

"मग विचारतो. काय करू, सांग."

"बसा," ती म्हणाली.

तो बसला. पाच बोटं गुडघ्यावर ताशा वाजवत होती, पण बसला. तिनं मशीन चालू केलं आणि अर्धा जोड शिवून काढला. त्याला उठावंसं वाटत होतं, दारात जावंसं वाटत होतं, ओरडावंसं वाटत होतं. आपण इतकी वर्षं या बाईच्या पुढ्यात बसलो आणि तिचे हात कसे चालतात ते सलग कधी पाहिलं नाही, हेही त्याला तेव्हाच कळलं आणि त्याची त्याला लाज वाटली.

संध्याकाळी जेवताना सुनेनं सरांकडची सगळी हकीकत रंगवून सांगितली. स्लीपिंग पार्टनर झाला, लिमिटेड झालं. कंपनी म्हणजे सोबत, हे आलं तेव्हा बायकोनं चटकन तोंड फिरवलं. हसली असावी. सोलशेठनं ते पाहिलं आणि त्याच्या जिवात थोडा जीव आला, तोच ती सुनेला म्हणाली, "ते सोल का काय ते, बाईमाणसाला मिळतं का गं?"

"मिळतं की, आई."

"आणि पार्टनरशिप झाली तर त्याचीही नोंद तिथंच?"

"कचेरी एकच. खिडकीही तीच."

"मग उद्या जाऊ," ती म्हणाली. आणि नवऱ्याकडे बघून, "तुम्हीही चला. पण तिथं काय सांगायचं ते मी सांगेन."

"काय सांगणार आहेस?"

"तिथं कळेल."

त्या रात्री सोलशेठनं किती कुशी बदलल्या ते विचारू नका. पार्टनरशिप म्हणाली तर गंगेत घोडं न्हालं. सोल म्हणाली, तर ती आपल्यातून उठली. मग ती कारखान्याशेजारी खोली घेईल, तिथल्या मुली तिच्या हाताखाली येतील, आणि इथं हा एकटा, त्या 'सोल'च्या खऱ्या अर्थासकट.

कचेरीतली रांग पूर्वीपेक्षा लांब होती. कारकून दुसरा होता, पण मान वर न करायची पद्धत तीच. बायको पुढे, सोलशेठ मागे. पुढचा माणूस बाजूला झाला आणि ती खिडकीशी गेली.

"सोल प्रोप्रायटर का पार्टनरशिप?"

सोलशेठच्या ओठांत या वेळी एकही खिळा नव्हता, पण तोंड उघडेना. सांगावंसं वाटत होतं, की साहेब, त्याचं असं आहे. तो गप्प राहिला. गप्प राहणं एवढं जड असतं हे त्याला आजवर ठाऊक नव्हतं.

"सोल," बायको म्हणाली.

त्याच्या डोळ्यांपुढे खिडकीकडची रिकामी बाजू उभी राहिली. झालं, संपलं.

"धंदा?"

"अप्पर शिवते. बुटाची. पुढे पर्सही."

"पत्ता?"

ती थांबली नाही. दुकानाचाच पत्ता घडाघडा सांगितला. शेवटी म्हणाली, "दाराकडची बाजू बूटवाल्याची आहे. माझी खिडकीकडची."

सोलशेठनं श्वास सोडला तो इतका मोठ्यानं, की कारकुनानं चक्क मान वर केली. तिच्या खांद्यामागून डोकावणाऱ्या माणसाकडे बोट करून विचारलं, "हे कोण?"

बायकोनं वळून पाहिलं. नीट पाहिलं, एखादं अप्पर उजेडात धरून बघतात तसं.

"हे होय? हे मला कंपनी द्यायला आलेत."

"कंपनीची खिडकी वेगळी आहे, बाई. पलीकडे."

"नको," ती म्हणाली. "इथंच बरे आहेत."

कारकुनाला काही कळलं नाही. त्यानं सही कुठं करायची ते दाखवलं. ती एकेक अक्षर जोडत, टाका घालावा तशी सावकाश सही करत राहिली, आणि मागची रांग चुळबुळायला लागली. सोलशेठ तिच्या मागे उभाच होता. त्या खिडकीशी आपण केवढा वेळ एका जागी उभे होतो, हे त्याला घरी जाऊन पाय दुखायला लागल्यावर कळलं.